डावीकडची मागची कडी

हातांची छातीशी घडी घालायची आणि खुर्चीवरून उठायचं, एवढंच संपदाने सांगितलं होतं. डेल्फिन पुढे झुकली, दात आवळले, चार बोटं वर आली आणि धप्पकन परत बसली. समोरच्या आरशात सत्तेचाळीस वर्षांची, पंजाबी ड्रेसखाली नवेकोरे बूट चढवलेली, घामाने निथळणारी एक बाई तिच्याकडे बघत होती. त्या बाईचा तिला असा संताप आला की पुढच्या खेपेला ती त्या संतापावरच उठली.

"एक," संपदा म्हणाली.

"याला एक म्हणतात?"

"आज म्हणतात. अजून चार द्या, टीचर."

सोपाऱ्याच्या रस्त्यावर, टाइल्सच्या दुकानाच्या माडीवर ही जिम. सकाळी साडेपाचला बायकांची बॅच, आणि तिची मास्तरीण विरारची संपदा. दोन मुलांची आई, दंड असे की बाहीच्या शिवणीने रडावं. पहिल्या दिवशी तिने पुढे केलेल्या फॉर्मवर 'आपला हेतू' या सदरात तीन पर्याय छापलेले होते: वजन घटवणे, बांधा सुडौल करणे आणि लग्नाआधीची खास तयारी. डेल्फिन पंचवीस वर्षं शाळेत पेपर तपासत आलेली. तिने पर्समधलं लाल पेन काढून तिन्ही खोडले आणि खाली लिहिलं, 'वजन उचलणे'.

"कसलं वजन?"

"घरी एक पेटी आहे. ती उचलायची वेळ येणार आहे."

संपदाला वाटलं, कपड्यांची. डेल्फिनने तसंच वाटू दिलं.

पेटी होती तिच्या आईची, आणि ती अजून सुताराने बनवलेलीही नव्हती. आई, ॲंजेला, वय वर्षं एक्क्याऐंशी, वटारच्या घरी ओटीवर बसून शेंगा सोलत होती आणि मुलीपेक्षा मोठ्या आवाजात भांडत होती. पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पाहून चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. चष्मा काढून बोलणारे डॉक्टर काय सांगतात, ते डेल्फिनला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. डेल्फिन एकुलती एक. घरापासून चर्चपर्यंत दहा मिनिटांची वाट, आणि पेटी घरच्यांनीच खांद्यावरून न्यायची. सहा कड्या, सहा पुरुष. ती कुणाला न विचारता पुढे झाली आणि डावीकडची मागची कडी धरून उभी राहिली. चुलतभाऊ लुईस पुढे होता. त्याने वळून पाहिलं. मग तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. तिला वाटलं, झालं, उचला. तिने जीव खाऊन उचललं, आणि क्षणभर अख्खी पेटी तिच्या एकटीच्या हातात आल्यासारखी झाली. मनगट पिळवटलं. बाकीच्यांनी उचललं तेव्हा तिची पकड सुटत आली होती. कोपरा खाली गेला, पेटी कलली, बायका किंचाळल्या.

"डेल्फिन, सोड," लुईस म्हणाला. "पॉल, तू ये इकडे."

अख्ख्या वटारने पाहिलं. मुलीने बापाला पाडलं असतं, हे पुढचे सहा महिने विहिरीपासून बेकरीपर्यंत सगळीकडे बोललं गेलं. संध्याकाळी लुईसने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा दोष नाही गं. बायकांच्या अंगात ती ताकदच नसते."

त्याने टोमणा मारला असता तर तिने तिथल्या तिथे फेडला असता. पण तो प्रेमाने म्हणाला. बाबांना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारा, दर वर्षी सुकेळ्यांचं, वाळवलेल्या केळ्यांचं, पहिलं पुडकं आणून देणारा लुईस. म्हणून तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. दोन वर्षं ती धुमसत होती ती त्याच्यावर कमी आणि स्वतःच्या या मनगटांवर जास्त.

आता आईच्या वेळी ती कडी पुन्हा धरायची होती आणि सोडायची नव्हती. एवढंच. त्यासाठी आई जाण्याआधी अंगात ताकद यायला हवी होती. असला हिशोब मांडणाऱ्या मुलीला काय म्हणावं, हे तिला कळत नव्हतं. आईला मात्र कळत होतं.

"मी थांबू ना तुझ्या जिमसाठी?" ओटीवरून आई म्हणाली. डेल्फिन घरी स्टुलावर बसण्या-उठण्याचा सराव करत होती. "देवबाप बोलवायला आला तर सांगते त्याला, जरा दम धर, पोरगी अजून स्टुलावर आहे."

"आई, मोजताना बोलू नको."

"मी पस्तीस किलोची भाजीची पाटी डोक्यावर घेऊन सोपाऱ्याच्या बाजारात जायची. तू पोटात होतीस तेव्हासुद्धा. मला कुणी मोजून दिलं नव्हतं."

"मग तुला कुणी कधी पेटीला हात का लावू दिला नाही?"

आईने शेंग सोलली, दाणे परातीत टाकले. "विचारलं नाही मी," ती म्हणाली. थोड्या वेळाने परत म्हणाली, "विचारायला हवं होतं."

पहिले पंधरा दिवस डेल्फिनला संडासात बसताना नळाचा आधार घ्यावा लागला. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायचं तर डावा हात उजव्या हाताला वर ढकलायचा. चौथीची पोरं हसली, तिने त्यांना बाकावर उभं केलं आणि मग वाईट वाटून लगेच बसवलं. तिसऱ्या आठवड्यात खुर्ची गेली, नुसता रॉड आला. रॉडला दोन्ही बाजूंना छोट्या प्लेटी लागल्या. जमिनीवरून उचलायचं, पाठ सरळ, जोर पायांत. डेल्फिनला ते आवडायला लागलं, आणि तिथेच घोळ झाला. एका सकाळी पॉलची बायको बसस्टॉपवर म्हणाली, "टीचर, या वयात कुणासाठी बारीक होताय?" डेल्फिन तशीच धुमसत माडीवर आली. संपदा दुसऱ्या बाईकडे वळली होती. डेल्फिनने रॉडला दोन्हीकडे एकेक प्लेट जास्त चढवली आणि कचकन ओढला. पाठीत वीज गेली.

दहा दिवस घरी. दहाव्या दिवशी संपदा स्कूटरवरून वटारला आली ती बघायला नव्हे, झापायला.

"कुणावर राग होता?"

"सगळ्यांवर."

"सगळ्यांवरचा राग एका पाठीवर काढायचा नसतो. वजन मी वाढवणार. आठवड्याला अडीच किलो. त्यात तुमचा राग बसला तर बसला, नाही तर घरी ठेवून या. आणि ती कसली पेटी आहे, ते आता खरं सांगा."

डेल्फिनने सांगितलं. आई ओटीवर होतीच, लेकीने जिथे गाळलं तिथे तिने भरलं. संपदाने आईकडे बघून विचारलं, "आजी, तुमचं वजन किती?"

"अठ्ठेचाळीस. जेवून."

"पेटी धरा पस्तीसची. त्र्याऐंशी. भागिले सहा." संपदा डेल्फिनकडे वळली. "चौदा किलो सुद्धा नाही, टीचर. मागच्याच महिन्यात तुम्ही यापेक्षा जास्त उचललंत. आणि बाबांच्या वेळी? भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तुम्ही स्टेशनचा जिना चढत होता ना?"

"मग पेटी का कलली?"

"ते मला काय माहीत? वजनाने नाही कलली, एवढं लिहून देते."

दुसऱ्या दिवशी डेल्फिन थेट लुईसच्या वाडीत गेली. तो केळीला टेकू देत होता. साठीचा, उघडाबंब, पुरुषभर उंचीचा काळा बांबू एका हाताने जमिनीत रोवत होता.

"लुईसदादा, बाबांची पेटी का कलली?"

"दोन वर्षांनी विचारतेस?"

"आता हिशोब केला. चौदा-पंधरा किलो येतात माणशी. ते मला पेलत होतं."

लुईस हसला. "पेटी म्हणजे काय भाजीची पिशवी आहे? त्याची एक रीत असते. सवयीचं असतं ते."

"मग शिकव."

"तुला कशाला हवंय? माणसं आहेत ना घरात."

"मी कोण आहे?"

"तू बस ना आईजवळ. तुझी जागा तिथे आहे." आणि पुन्हा तोच हात तिच्या डोक्यावर यायला निघाला. या वेळी ती मागे सरकली. हात हवेतच राहिला आणि लुईसने तो आपल्याच केसांतून फिरवला. "चिडकी ती चिडकीच," तो म्हणाला, आणि टेकू ठोकायला लागला.

डेल्फिन त्याच्याशी बोलायची थांबली, जिमला जायची नाही. आठवड्याला अडीच किलो. विसाचे तीस झाले, तिसाचे चाळीस. संपदाने दोन्ही हातांत वजनं देऊन तिला माडीभर चालवलं, मग एकच वजन खांद्यावर ठेवून. आईच्या वेळी लुईसला काय काय सुनवायचं, याची ती त्या फेऱ्यांत उजळणी करायची. वाक्यं तयार होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, तेही ठरलं होतं.

आणि मग आई नव्हे, लुईसच गेला. सकाळी वाडीत पाणी सोडायला म्हणून गेला, बांधावर बसला तो उठला नाही.

डेल्फिन रडली, पण रडतानासुद्धा तिच्या तोंडून निघालं, "असा कसा जातोस?" लोकांना वाटलं, केवढी माया. माया होतीच. पण तयार केलेल्या वाक्यांचं तिने आता काय करायचं होतं?

लुईसचा मुलगा क्लिफर्ड दोहाहून आला. दुसऱ्या दिवशी चारला पेटी अंगणात आली. फादरांची प्रार्थना झाली. पुरुष पुढे सरकले आणि आपापल्या कडीपाशी उभे राहिले. डावीकडे मागे पॉल निघाला होता. चुलत-मावस बायका भिंतीशी गोळा झाल्या, त्यांत डेल्फिन. आई मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर.

"उभी काय राहिलीस?" आई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "जा. मी आहे तोवर बघू दे मला."

डेल्फिन गेली. "पॉल, सरक."

"टीचर, आज नको. मागच्यासारखं झालं तर..."

"सरक."

पॉलने क्लिफर्डकडे पाहिलं. क्लिफर्ड उजवीकडच्या मागच्या कडीपाशी होता, रडून डोळे लाल. "राहू दे, पॉलकाका," तो म्हणाला. "आत्या घेतील."

डेल्फिनने टॉवेलची घडी खांद्यावर ठेवली, गुडघे वाकवले, पाठ सरळ केली. कडी थंड होती. पेटीवरून क्लिफर्ड झुकला आणि हळूच म्हणाला, "आत्या, योसेफला उचलायचं. आधी नाही."

"काय?"

"पुढचा म्हणतो ना, येशू, मरिया, योसेफ. तर येशूला नुसतं धरायचं, मरियेला ताण घ्यायचा, योसेफला उचलायचं. सगळ्यांनी एकदम. बाबांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

डेल्फिनने त्याच्याकडे पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त दुःख. त्याला ते इतकं साधं होतं.

येशूला उचललं होतं तिने. बाबांची अख्खी पेटी तिने येशूला उचलली होती, एकटीने, आणि बाकीचे पाचजण योसेफची वाट बघत उभे होते. तीन शब्द. दोन वर्षांत, ओटीवर सुकेळी ठेवताना, वाडीत बांबू ठोकताना, कधीही सांगता आले असते असे तीन शब्द. मुद्दाम नाही सांगितले, की तिला कधी लागतील असं त्याच्या डोक्यातच आलं नाही? आता कोण सांगणार? ज्याला विचारायचं तो तिच्या कडीच्या वर, पांढऱ्या झालरीत, कोट घालून निजला होता.

"येशू," पुढून आवाज आला. "मरिया. योसेफ."

पेटी वर गेली, आणि खांद्यावर अलगद टेकली.

हलकी होती. सहा जणांत ती इतकी हलकी होती की डेल्फिनला क्षणभर वाटलं, बाकीचे तिला फसवताहेत, तिचा कोपरा कुणीतरी खालून धरलाय. कुणी धरला नव्हता. संपदाच्या माडीवर याच्या दुप्पट वजन घेऊन ती फेऱ्या मारत होती. यासाठी? एवढ्यासाठी बायकांना पिढ्यान्‌पिढ्या भिंतीशी उभं केलं होतं? तिच्या आईने पस्तीस किलो डोक्यावर नेले आणि स्वतःच्या नवऱ्याच्या पेटीला बोट लावलं नाही, ते एवढ्यासाठी?

वाटेवर ती बोलू लागली. ओठांतल्या ओठांत, पण एकही वाक्य न गाळता. "सवयीचं म्हणालास ना. सवय किती, तीन शब्दांची. माझी मनगटं दोन वर्षं मी शिव्या घालून झोपवली, लुईसदादा. डोक्यावर हात ठेवायला तुला वेळ होता. बापाला पाडणारी म्हणून गावाने मला ओवाळलं तेव्हा तू कुठे होतास? केळी झाकत होतास?" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि पाय मात्र संपदाने शिकवले तसे पडत होते, टाच, चवडा, टाच, चवडा. पेटी तसूभर हलत नव्हती. मागून येणाऱ्या बायकांनी तिचे ओठ हलताना पाहिले आणि त्यांनीही जपमाळा काढल्या.

अर्ध्या वाटेवर रस्त्याकडेला क्रूस आहे, तिथे खांदे बदलतात. बाकीच्या कड्यांशी नवी माणसं आली. पॉल अदबीने तिच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"टीचर, द्या आता. दमला असाल."

"थांब," डेल्फिन म्हणाली. "माझं अजून बोलून झालेलं नाही."

पॉलला ती प्रार्थनाच वाटली. त्याने छातीवर क्रूस काढला आणि तो दोन पावलं मागे सरकला.