जड अडॅप्टर

भिंतीत खुपसायचा अडॅप्टर कसा निवडावा हे अख्ख्या म्हैसुरात फक्त आपल्यालाच कळतं, असं फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक वादिराज यांचं ठाम मत होतं. बाकीचे सगळे पिन बसली की पैसे टाकणारे गाढव. अडॅप्टर आधी हातात तोलून बघावा. जड असला तर आत खरं तांबं, खरं लोखंड. हलका म्हणजे नुसती खडखडती चिनी डबी.

सहा महिने खपून त्यांनी घरीच हेडफोनचा अॅम्प्लिफायर बनवला होता, बायकोसाठी. विशालाक्षीबाईंना दोन वर्षांपासून ऐकू कमी येत होतं. आईने गायलेल्या देवरनामांची, म्हणजे कानडी भक्तिगीतांची, एकच कॅसेट त्यांच्याकडे उरली होती, आणि तो आवाज एकदा नीट ऐकायचा एवढंच त्यांचं मागणं होतं. बाजारातलं तयार यंत्र आणू या, असं त्या एकदा म्हणाल्या. वादिराजांनी अशी काही नजर टाकली की तो विषय तिथेच संपला.

अॅम्प्लिफायरला बारा व्होल्टची डीसी वीज हवी होती. मंडी मोहल्ल्यात नरसिंगरावच्या दुकानात जुन्या अडॅप्टरांचा ढीग असे. नरसिंगरावचे वाडवडील रंगारी, हा स्वतः आठवी नापास. त्याच्याशी बोलायचं म्हणजे वादिराजांची मेहेरबानीच. त्यांनी ढिगातला सगळ्यात जड ठोकळा उचलला. अक्षरं बारीक होती, पण असल्या माणसापुढे चष्मा लावून लेबल कोण वाचणार? नरसिंगरावनेच वाचलं आणि हा नको म्हणाला, यावर एसी लिहिलंय.

“भिंतीतून एसीच येते,” वादिराज म्हणाले. “गाय दूध देते, हेही सांग आता.”

“अल्ला सार, तसं नाही. ह्यातून बाहेर पडते तीपण एसीच. डीसी पाहिजे तर हा घ्या.”

त्याने पुढे केलेल्या हलक्या डबीकडे वादिराजांनी बघितलंसुद्धा नाही. अग्रहारात घर येईपर्यंत दुकानदारांच्या अडाणीपणावर त्यांनी रिक्षावाल्याला व्याख्यान दिलं.

घरी सगळं जोडलं, कॅसेट लावली आणि हेडफोन थेट बायकोच्या कानांवर चढवले. आधी स्वतः ऐकून बघणं हे त्यांच्या मते कच्च्या कारागिराचं लक्षण. विशालाक्षीबाई डोळे मिटून बसल्या, त्या एक बाजू संपेपर्यंत हलल्या नाहीत. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “चेन्नागिदे. छान झालंय.”

वादिराज फुगले. सासूबाईंचं गाणं आपणही ऐकावं म्हणून त्यांनी कॅसेट उलटवली आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. आत पिठाच्या गिरणीसारखी नुसती घरघर. गाण्याचा मागमूस नाही. त्यांनी चष्मा शोधला, लेबल वाचलं, आणि आयुष्यात फार क्वचित वाटलेली लाज त्यांना वाटली. पण तोंडातून निघाला तो रागच. एवढा वेळ ही घरघर ऐकत बसलीस, सांगितलं का नाहीस, असं ते मोठ्याने ओरडून म्हणाले.

“मला वाटलं, माझे कानच गेले,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सांगितलं असतं तर माझीच अक्कल काढली असती तुम्ही. म्हणून मग त्यातच आईला शोधत बसले.”