भट्टीवाल्यांचा हंगाम

सकाळी बाबा उठतात, तेव्हा खिडकीतला उजेड नुकताच टेबलापर्यंत पोहोचलेला असतो. ते आधी चष्मा पुसतात, मग डोळ्यांवर चढवतात, मग चहाचे आधण ठेवतात. चहा उकळेपर्यंतच्या वेळात मऊ केसांचा ब्रश घेऊन मखमल झाडतात. नेहमी एकाच दिशेने, कारण उलटा हात फिरला की मखमल मळल्यासारखी काळपट दिसते. मग चहा गाळतात. कप एकच. तो ते मखमलीपासून हातभर लांब ठेवतात. डबीतून दोन पांढरे आणि एक लाल असे तीन फासे काढतात, पत्रकांच्या दोन चळती समोरासमोर मांडतात, आणि अर्धा चहा संपेपर्यंत कुणीतरी पहिला गोल केलेला असतो.

मित्रांनो, ती निळी मखमल माझी. मी एक जुना ट्रे आहे. म्हणायला ट्रे, पण माझ्यातून आजवर पाण्याचा पेलासुद्धा कुणी कुणाला दिलेला नाही. माझा जन्म सुताराकडे झाला, तो चष्म्याच्या एका दुकानासाठी. सागवानी पट्ट्यांची चौकट, तळाला मखमल, आणि चष्म्यांच्या फ्रेमी एका ओळीत बसाव्यात म्हणून खाचा पाडलेल्या चार आडव्या दांड्या, असे माझे तेव्हाचे रूप होते. गिऱ्हाईक आले की मालक मला काउंटरवर मांडत. लोक फ्रेम निवडण्याआधी माझ्या मखमलीवरून बोट फिरवत. ‘काय सुरेख आहे हो,’ असे म्हणत. ते फ्रेमीविषयी म्हणत की माझ्याविषयी, याचा मी कधी खोलात जाऊन विचार केला नाही. कौतुक पदरात पाडून घेण्याचे वय होते ते.

ज्यांना त्यांची मुलगी बाबा म्हणते, ते याच दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगे घासत. पुढे दुकानात काचेच्या फळ्या आल्या, प्रत्येक फळीला स्वतंत्र दिवा आला, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे माझ्यात चष्म्यांच्या तुटक्या दांड्या आणि गंजलेले स्क्रू टाकत. एका कोपऱ्याची मखमल उंदराने कुरतडली. किती काळ गेला, ते अंधारात कळत नाही. एक दिवस बाबांनी मला खाली काढले आणि मालकांना विचारले, “हा ट्रे नेऊ का?”

“न्या की. पण करणार काय त्याचं?”

“फुटबॉल खेळणार.”

मालक हसले. पण बाबा थट्टा करत नव्हते.

जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्यांनी एक खोके आणलेले होते. मुलगी जन्मण्याच्या कितीतरी आधी झालेल्या एका फुटबॉल हंगामाचे ते खोके होते. त्या हंगामातल्या प्रत्येक खेळाडूच्या नावाचे एकेक पत्रक, पत्रकावर आकडे. फासे टाकायचे, आलेला आकडा पत्रकात शोधायचा. मग चेंडू पुढे गेला, अडवला गेला की कुणाच्या पायात अडकून राहिला, ते कळते. गोलावर फटका बसला की शेवटी लाल फासा. समोरचा गोलकीपर जितका चांगला, तितका मोठा आकडा लाल फाशावर यावा लागतो. असा एकेक सामना खेळत सबंध हंगाम नव्याने खेळायचा. खेळून गेलेली माणसे, होऊन गेलेले सामने. पण निकाल मात्र पुन्हा एकदा मोकळे. बाबांनी माझ्या खाचांच्या दांड्या सुरीने काढून टाकल्या, कुरतडलेल्या कोपऱ्याला आतून गोंद लावला, आणि मी मैदान झालो.

मुलगी तेव्हा खुर्चीवर उभी राहिली तरच तिला माझा तळ दिसे. घरात दोघेच होते. आई तिला फारशी आठवतही नव्हती. बाबांनी तिला संघ निवडायला सांगितला. बंदरवाले होते, रेल्वेवाले होते, गिरणीवाले होते. तिने यादीवरून बोट खाली खाली नेले आणि तळाशी थांबली. तिथे वीटभट्टीवाले होते. खऱ्या हंगामात ते शेवटचे आले होते, आणि त्यांचा गोलकीपर तर असा होता की त्याच्यापेक्षा रिकामा दरवाजा परवडला.

“हे नको गं. सारखी हरशील.”

“यांना कुणीच घेत नाही ना? मग हे माझे.”

त्या दिवसापासून बाबा तिला कप्तान म्हणू लागले. कप्तान माझ्याच काठाशी बसून बेरजा शिकली. हरली की फुरंगटून पलंगाखाली जाऊन बसे. पण पुढच्या सामन्याला बाबांनी पत्रके मांडली की हळूच बाहेर येई. त्या वर्षांत माझी मखमल दिवसातून दोनदा झाडली जाई. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. तेव्हा मात्र मला ते नुसते दिवस वाटत.

मग ती शिकली, आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. बसने एका रात्रीचा प्रवास. बाबा निवृत्त झाले. हंगाम संपला की ते भिंतीवरचा तक्ता खोडत आणि तोच हंगाम पुन्हा पहिल्या सामन्यापासून सुरू करत. दोन्ही बाजूंचे फासे आता तेच टाकत. भट्टीवाल्यांचे सामने तेवढे रविवारसाठी राखून ठेवत, कारण रविवारी सकाळी कप्तानाचा फोन येई. बाबांचा फोन जुना, बटणांचा. तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा, ती तिकडून कुणाला पुढे आणायचे ते सांगणार, बाबा इकडे फासे टाकून आकडा वाचणार.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. त्या कधी कधी उसवलेली बाही किंवा निखळलेले बटण शिवून द्यायला वर येत. एकदा त्यांनी विचारले, “भाऊ, दोन्ही बाजूंनी तुम्हीच खेळता. मग हरतं कोण?”

“दोघांपैकी एक हरतोच की.”

“तसं नव्हे. जेवायला बसल्यावर तोंड कुणाचं उतरतं, ते विचारतेय मी.”

बाबा फासे डबीत भरू लागले. मला त्याचे उत्तर ठाऊक होते, पण ट्रेला कोण विचारतो?

या वेळच्या हंगामात भट्टीवाले ओळीने हरत गेले. कप्तानाचा फोन आखूड होत गेला. “हरलो? बरं बाबा, ठेवते. कपडे धुवायचेत.” तिचे काही चुकत नव्हते. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला एक सुट्टी मिळते, आणि कपडे आपण होऊन धुतले जात नाहीत. फोन बंद झाला की बाबा थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसत. मग दोन्ही चळती गोळा करत.

त्यानंतरच्या एका रविवारी लाल फासा माझ्यावर गडगडला आणि दोन ठिपके वर करून थांबला. गोलाला पाच हवे होते.

“किती आला, बाबा?”

बाबा म्हणाले, “पाच.”

तिकडून असा आनंदाचा कल्लोळ झाला की साखरेच्या डब्याचे झाकण थरथरले. त्या दिवशी ती खूप बोलली. खोलीत सोबत राहणारी मुलगी झोपेत हिशेब कशी करते, साहेब जिना चढताना कसा धापा टाकतो, नळाला पाणी कधी येते. बाबा हसत होते. ते इतके हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो. दोन ठिपके तसेच वर पाहत माझ्यावर बसून होते.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. भट्टीवाले तक्त्यात वर वर सरकू लागले. खरे आकडे कुठेच लिहिलेले नव्हते. ते फाशांनी पाहिले, मी पाहिले, आणि बाबांनी पाहिले. मित्रांनो, मला राग आला नाही. एवढेच वाटत राहिले, की पूर्वी या टेबलाशी दोन माणसे होती, नंतर एक उरले, आणि आता ते एकही माझ्याकडे नीट पाहत नाही.

असाच एक रविवार होता. काकू शर्टाला बटण लावत शेजारी बसल्या होत्या. फासा पडला, बाबांनी सहा सांगितले, तिकडे आनंद झाला, भरपूर गप्पा झाल्या, फोन संपला. काकूंनी दोरा दाताने तोडला.

“भाऊ, मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण तिथे एकच ठिपका होता.”

बाबांनी फासा उचलून मुठीत धरला. मग म्हणाले, “हरली की तिचा फोन लवकर संपतो हो, काकू.”

“असं होय.” काकूंनी शर्टाची घडी घातली. “मग दर रविवारी फोन कुणाला येतो? तुम्हाला, की त्या भट्टीवाल्यांना?”

“शर्ट ठेवा तिथे.”

“ठेवते. आणि ती तुम्हाला तिकडे बोलावत असते ना सारखी?”

“हंगाम अर्धा टाकून कसा जाऊ?”

“हो, खरंच,” काकू उठत म्हणाल्या. “ते खेळाडू कधीच म्हातारे होऊन घरी बसले असतील. तुम्ही गेलात तर त्यांचे हाल होतील.”

त्या आठवड्यात बाबांनी माझी मखमल रोज झाडली, पण एकही सामना खेळला नाही.

हंगामाचे दोनच सामने उरले होते. भट्टीवाल्यांनी रेल्वेवाल्यांना हरवले, तर शेवटच्या सामन्यात बंदरवाल्यांना हरवून ते पहिले येऊ शकत होते. कप्तानाने फोन लागताच सांगितले, “बाबा, ऐका. आज जिंकलो ना, तर शुक्रवारची सुट्टी टाकते. शेवटच्या सामन्याचे फासे मी स्वतः येऊन टाकणार. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा शेवटचा संघ पहिला येतोय म्हणून.”

ती नेहमी म्हणे तसे ‘बघू, जमलं तर’ असे ती या वेळी म्हणाली नव्हती. बाबांनी गॅलरीकडे पाहिले. तिथे तिची गादी उन्हात टाकलेली होती. ती येईल की नाही हे ठरण्याआधीच त्यांनी गादी सकाळी बाहेर काढली होती.

सामना रंगला. दोन्ही बाजू बरोबरीत राहिल्या. अगदी शेवटी भट्टीवाल्यांचा फटका गोलावर गेला, आणि लाल फाशाची वेळ आली. पाच किंवा सहा आला असता तर मुलगी घरी येणार होती. तिच्या येण्याला आता एवढाच अडसर होता, आणि तो अडसर दूर करायला बाबांना एक शब्द पुरेसा होता.

फासा माझ्या गोंद लावलेल्या कोपऱ्यापाशी जाऊन थांबला. बाबा खाली वाकले. त्यांचा श्वास माझ्या मखमलीला लागला.

“बाबा? किती?”

जन्मभर ज्यांनी लोकांना स्पष्ट दिसावे म्हणून भिंगे घासली, त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फासा पाहिला.

“तीन आला, कप्तान.”

“तीन?”

“तीन. गोलकीपरने धरला.”

“म्हणजे गेलं.”

“हो. गेलं.”

थोडा वेळ तिकडून कुणाची तरी बादली भरल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “असू दे. तसंही शुक्रवारी इथे काम निघणारच होतं म्हणा.”

“हो, काम बघ.”

“जेवलात?”

“जेवेन आता.”

“ठेवते, बाबा.”

“ठेव.”

एरवी सामना संपला की बाबा लगेच पेन्सिल घेऊन तक्त्याकडे जात. त्या दिवशी गेले नाहीत. ऊन सरकून गादीवर सावली आली, तेव्हा ते उठले, गादी आत आणली आणि तिच्या पलंगावर नीट अंथरली. मग तिच्या काठावर बराच वेळ बसून राहिले. तिथून मी दिसतो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. कुणाला काही सांगायचे असले म्हणजे माणूस असे पाहतो. पण सांगायचे ते मला नव्हते.

सोमवारी सकाळी त्यांनी चष्मा पुसला, चहा केला, आणि ब्रशला हात लावला नाही. कापडी पिशवीत दोन शर्ट, टॉवेल आणि औषधाची डबी ठेवली. फासे डबीत टाकले, पत्रके खोक्यात लावली. दारात काकू उभ्या होत्या. किल्ली त्यांच्याकडेच द्यायची होती.

“कळवलंत का तिला?”

“बसमध्ये बसल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर ‘कशाला त्रास’ म्हणेल.”

“आणि हे सोबत नाही घेतलं? तुमचं मैदान?” काकूंनी माझ्याकडे हनुवटी केली.

“नाही.” बाबा चपला घालत होते. “हे मधे असलं की आम्ही ह्याच्याबद्दलच बोलतो. मला तिला काही आकडे खरे सांगायचेत. ते फोनवर सांगण्यासारखे नाहीत.”

“रागावली तर?”

“रागावू दे. समोर बसून रागावेल.”

काकूंनी या खेपेला टोमणा मारला नाही. त्यांनी पिशवीचा बंद घट्ट आहे ना, एवढे ओढून पाहिले. दार लागले. कुलपात किल्ली फिरली. जिन्यावरची पावले खाली खाली जात ऐकू येईनाशी झाली.

आता मी टेबलावर एकटा आहे. खिडकीतले ऊन रोज माझ्यापर्यंत येते आणि परत जाते. मखमलीवर बारीक धूळ बसते आहे, आणि ती झाडणारा हात इथे नाही. मित्रांनो, आपले आयुष्य सांगून झाले की आम्हा वस्तूंनी तुमच्याकडे काही मागायचे असते. मीही मागतो. आम्हाला ओला हात लावू नका. मखमल असेल तर एकाच दिशेने झाडा. आणि आम्हाला तुमच्या माणसांच्या जागी बसवू नका. आम्ही फार तर मधले टेबल भरू शकतो. समोरची खुर्ची आम्हाला भरता येत नाही.

घर फार शांत आहे. भिंतीवरच्या तक्त्यात दोन चौकोन कोरे आहेत. बाबांची मला रोज आठवण येते, आणि तरीही, मित्रांनो, त्यांनी लवकर परत यावे असे मला मुळीच वाटत नाही.