फळीच्या अलीकडे

माझा नवरा माणसं सुधारतो. त्याचा पगारी उद्योगच तो आहे. एका विमा कंपनीत तो प्रशिक्षण अधिकारी आहे. वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटलेल्या कारकुनांना तो शिबिरात बोलावतो, नव्या सवयी लावतो आणि टाळ्या वाजवून परत पाठवतो. ते परत जाऊन जुन्याच पद्धतीने काम करतात, पण तोवर शिबिराचे फोटो काढून झालेले असतात.

त्यामुळे नणंदेचा फोन आला, की नव्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही आणि आता बटाट्याचं काय करू, तेव्हा नवऱ्याला अडचण अशी दिसलीच नाही. त्याला शिबिरार्थी दिसला.

"पाठव इकडे," तो म्हणाला. "महिन्याभरात माणसात आणतो."

मला विचारलं नाही. सासऱ्यांनाही विचारलं नाही, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं. सासरे वजनमाप निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. ते बाजारात शिरले की दुकानदारांची पाचावर धारण बसायची असं ते स्वतःच सांगतात, आणि ते खरं असावं, कारण अजूनही ते स्वयंपाकघरात आले की माझ्या हातातला चमचा थबकतो. "घरात कुत्रं राहणार असेल," ते म्हणाले, "तर माझ्या खोलीच्या आसपास फिरकता कामा नये."

बटाटा आला तो आठ महिन्यांचा धटिंगण. एक कान उभा, एक पडलेला. पिल्लू म्हणावं तर मोठं, कुत्रा म्हणावं तर अक्कल नाही. जन्म सगळा अंगणात गेलेला, त्यामुळे घराच्या आत आणि बाहेर असा काही फरक असतो हे त्याच्या कानावरच आलं नव्हतं. त्याने हॉलमधला गालिचा हुंगला, त्याला ते गवत वाटलं असावं, आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत बघत त्याने मन मोकळं केलं.

"ओरडायचं नाही," नवऱ्याने हात वर करून आम्हाला थांबवलं. "चूक शिकणाऱ्याची नसते. चूक व्यवस्थेची असते."

मग व्यवस्था सुरू झाली. खाल्लं की खाली न्यायचं, उठला की न्यायचं, खेळून झालं की न्यायचं. खाली काम झालं की तिथल्या तिथे शाबासकी द्यायची, आणि तीही खालच्या आवाजात चालणार नाही, मनापासून दिली पाहिजे. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. कुत्र्याने झाडाखाली पाय वर केला म्हणून भररस्त्यात "शाब्बास रे माझ्या राजा" असं म्हणताना माझी दोन गिऱ्हाइकं मी समोरून येताना पाहिली आहेत. एकाने नंतर दुकान बदललं.

घरात असताना बटाट्याचा पट्टा नवऱ्याच्या कमरेला बांधलेला असायचा, म्हणजे शिकणारा नजरेआड होत नाही. साहेबांबरोबर संगणकावर मीटिंग चालू असताना दारावर दूधवाला आला आणि नवरा खुर्चीसकट पडद्यावरून नाहीसा झाला. साहेबांना वाटलं लाइन गेली. दाराच्या मुठीला घंटी बांधली. बाहेर जायचं असेल तर नाकाने घंटी वाजवायची हे बटाट्याला आठवड्यात कळलं. त्याला आणखी एक कळलं, की घंटी वाजली की घरातलं कुणी ना कुणी हातातलं काम टाकून धावत येतं. त्यानंतर आमच्या घरात सवयी कुणाला लागल्या हे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र नवऱ्याच्या व्यवस्थेत कुठेच नव्हती. सगळ्यांत जास्त वेळा उठायला लागले ते सासरे. सासूबाई गेल्यापासून ते जिना उतरले नव्हते. गुडघ्यांचं निमित्त होतं. आता घंटी वाजली की "थांब रे, आलो रे, जरा दम धर" करत काठी शोधायचे आणि एकेक पायरी उतरून जायचे. कोपऱ्यावरच्या चांभाराशी त्यांच्या गप्पा जमल्या. जेवताना बटाटा त्यांच्या पायांवर बसायचा आणि ते त्याला हाकलायचे नाहीत. मला फार बरं वाटायचं. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण नवऱ्याने लगेच श्रेय घेतलं असतं.

दिवसाचा प्रश्न असा मिटला. उरली रात्र. व्यवस्थेप्रमाणे कुत्र्याला झोपायला लहान जागा द्यायची, कारण झोपतो तिथे तो घाण करत नाही. आमच्या घरातल्या बोळाच्या एका टोकाला सासऱ्यांची खोली, दुसऱ्या टोकाला हॉल आणि न्हाणीघर. नवऱ्याने बोळाच्या मधोमध दोन्ही भिंतींना खाचेच्या लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि झोपताना त्यांत आडवी फळी बसवायला सुरुवात केली. पलीकडे गालिचा सुरक्षित, अलीकडे बटाटा आणि सासरे. कुत्र्याने खोलीच्या आसपास फिरकायचं नाही ही अट सासरे आता विसरले होते. फळी बसवताना अशी घट्ट बसायची की सकाळी ती काढायला नवराच लागायचा.

दोनतीन आठवडे सगळं कोरडं होतं. नवऱ्याने कुत्र्याचा फोटो आपल्या शिबिरात पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. आणि मग एका सकाळी फळीच्या अलीकडे लघवीचं थारोळं सापडलं. फळीला अगदी लागून.

नवरा उकिडवा बसून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. "लक्षात घे," तो मला म्हणाला, "तो इथपर्यंत आला. म्हणजे जायचं कुठे हे त्याला कळलंय. कमी पडतोय तो संयम."

"की फळी आड आली?" मी म्हटलं.

"फळी आहे म्हणून तर संयम येणार."

त्याने पहिल्या फळीवर दुसरी चढवली. पुढच्या दिवशी सकाळी थारोळं तिथेच. दोन दिवस आड पुन्हा. फळी जितकी उंच, तितकं थारोळं हमखास. बटाटा त्याच्या शेजारी बसून आमच्याकडे बघायचा, शेपटी जमिनीवर आपटायचा आणि शिक्षा होत नाही म्हटल्यावर जांभई द्यायचा. नवऱ्याने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, पहाटे तुम्हाला काही चाहूल लागली का?"

"मला काय माहीत," सासरे म्हणाले. "कुत्र्याची जात. करणारच."

आणि टेबलाखाली हात घालून त्यांनी त्याच्या तोंडात अख्खं बिस्किट सारलं.

त्याच सुमारास त्यांनी स्वतःचे पायजमे स्वतः धुवायला घेतले. मी म्हटलं, बाबा, मशीन आहे, कशाला त्रास घेता. "स्वावलंबन," ते म्हणाले आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. नवरा खूश झाला. एकाला शिस्त लावली की अख्खं घर बदलतं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि हेही तो शिबिरात सांगायला लागला.

शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लघवीचा नमुना मागितला. सकाळी रस्त्यावर नवरा हातात जुनी पळी घेऊन बटाट्याच्या मागे वाकून धावत होता, आणि बटाटा दर वेळी पाय उचलून, पळी पाहून, पाय खाली ठेवत होता. नमुना मिळाला. तपासणी झाली. "कुत्रा ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "घरात कुणाला काही ताण?"

"मला," नवरा म्हणाला.

ते खरं होतं. साहेबांनी त्याला लिफ्टमध्ये गाठून विचारलं होतं, काय, तुमचा बटाटा शिकला का. लिफ्टमधले सगळे हसले होते. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना नापास केलं नाही, फक्त "सुधारणेला वाव आहे" असं सांगितलं, त्याला स्वतःच्या घरात वावच उरला नव्हता. त्याचा आवाज चढायला लागला. व्यवस्थेची चूक आता कुत्र्याची झाली. "काही जण शिकतच नाहीत," तो एका रात्री जेवताना म्हणाला. "अशांना घरात ठेवण्यात अर्थ नसतो." त्याच्या ओळखीचा एक गोदामाचा राखणदार होता. तिथे पत्र्याखाली साखळीला कुत्रा हवाच होता. रविवारी नेऊन सोडायचं ठरलं. मी भांडले. बोळ मी पुसते, तुझं काय जातं, असंही म्हटलं. सासऱ्यांनी ताटातला भात नुसता चिवडला आणि ते उठून गेले. मला त्यांचा रागच आला. एरवी भाजीतल्या मिठावरून निकाल देणारा माणूस, आज मूग गिळून बसला.

रविवारी नवऱ्याने गाडी दारात आणली. बटाटा फिरायला जायचं म्हणून आनंदाने मागच्या सीटवर चढला. मी त्याचं भांडं आणि चादर घेऊन खाली आले, डोळे पुसत. आणि मागून जिन्यावर काठीचा आवाज आला. सासरे येत होते. इस्त्रीचा शर्ट, बाहेरचे बूट, हातात त्यांची जुनी कापडी पिशवी. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, बटाट्याला सरकवलं आणि त्याच्या शेजारी बसले.

"बाबा, तुम्ही कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"जिथे त्याला सोडणार तिथेच."

"भेटायला जाऊ की नंतर. आत्ता..."

"भेटायला नाही. राहायला," सासरे म्हणाले. पिशवीतून पायजम्याची कड दिसत होती. "बोळातलं त्याचं नव्हतं. माझं होतं. पहिलंही आणि कालचंही. मला उठल्यावर दम निघत नाही, आणि ती फळी ओलांडेपर्यंत होऊन जातं. पहिल्या फळीला निदान भिंत धरून पाय टाकता यायचा."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. महिनाभर मी ते पुसत होते, दर वेळी वैतागत होते, आणि त्यांनी धुतलेले पायजमे माझ्याच डोळ्यांसमोर दोरीवर वाळत होते.

"एक हाक मारायची ना, बाबा," नवरा म्हणाला. आवाज शिबिरातला नव्हता. "मला सांगायचं ना."

"सांगणार होतो. जन्मात कुणाचं माप दुसऱ्याच्या नावावर घातलं नाही मी. माझं मात्र त्याच्या नावावर घातलं." सासऱ्यांनी बटाट्याच्या मानेवर हात ठेवला. नवऱ्याकडे न बघता ते बोलत होते. "पण त्याला तू महिनाभर सांभाळून घेतलंस आणि मग गोदामात सोडायला निघालास. म्हटलं, मला किती दिवस सांभाळून घेशील, ते कळू तर दे."

रस्त्यावरून माणसं जात होती. नवरा वळला आणि वर गेला, एकेक पायरी गाळत. थोड्या वेळाने आमच्या खिडकीतून भिंतीतल्या पट्ट्या उपटल्याचा आवाज यायला लागला. काहीतरी पडलं. गिलावा पडला असणार.

मी दार धरून उभी होते. "चला बाबा, वर जाऊ," मी म्हटलं.

"थांब," ते म्हणाले. "त्याला पूर्ण काढू दे. अर्धवट ठेवायची सवय आहे त्याला."