चॅप्टर म्हणजे खटला नव्हे

सत्य विसरणे आणि सत्य लपवणे यांत अंतर आहे, आणि नीतीने ते नेहमीच मानले आहे. परंतु विसरलेले सत्य ज्या घटकेला आठवते, त्या घटकेपासून ते अंतर झिजू लागते. मनुष्य जितका काळ गप्प बसेल, तितके विस्मरण लबाडीच्या जवळ सरकते. आणि जो इतरांच्या शपथा तोलण्यासाठी निवडला गेला आहे, त्याला हा काळ फारच थोडा मिळतो.

अंकिता यादव हिला तो किती मिळाला, ते सांगायचे आहे.

मलकापूरच्या पलीकडच्या एका गावातली ही मुलगी. घर उसाचे आणि पलटणीचे. आजोबा शिपाई होते, वडील आकाराम सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्या घरातून कायद्याकडे वळलेली ती पहिलीच. न्यायासनाकडे जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन. तरुणपणी कनिष्ठ न्यायाधीश व्हावे आणि पायरीपायरीने चढावे, ही एक. वकिली करता करता परीक्षा देऊन थेट जिल्हा न्यायाधीश व्हावे, ही दुसरी, आणि ती फार अरुंद. कऱ्हाडच्या न्यायालयात अकरा वर्षे उभे राहिल्यावर अंकिता या दुसऱ्या वाटेने निघाली. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, निवडयादीत नाव आले. आता पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी तेवढी उरली होती.

एका बुधवारी दुपारी ती गावी आली, तेव्हा आकाराम ओसरीवर प्रसन्न चेहऱ्याने बसले होते.

"हवालदार येऊन गेला. शेजारी म्हणून दादासोला इचारलं त्यानं."

अंकिताच्या हातातली पिशवी तशीच राहिली. दादासो म्हणजे आकारामांचे चुलतभाऊ; अंकिता त्यांना आप्पा म्हणे. शेताच्या सामाईक बांधावरून या दोन घरांत अठरा वर्षे बोलणे नव्हते.

"काय म्हणाले आप्पा?"

"आगं, कमाल केली गड्यानं! म्हणाला, 'पोरीवर कवा एक कागूद न्हाई. लिवा. माझं नाव घालून लिवा.' चॅप्टर झाला तवा ह्योच सगळ्यांच्या म्होरं हुता, आन आज बघ!" आकाराम मनापासून हसले.

अंकिता हसली नाही. चॅप्टर हा शब्द तिने त्या घटकेपर्यंत स्वतःशी कधी जोडलाच नव्हता.

त्या मुलखात हा शब्द साऱ्यांना ठाऊक आहे. भावकीत बांधावरून मारामारी झाली की पोलीस दोन्ही घरांतल्या सर्व सज्ञान माणसांची नावे लिहून तहसीलदारांपुढे पाठवतात. तिथे सहा महिने शांतता राखू असे बंधपत्र लिहून द्यावे लागते. यालाच चॅप्टर म्हणतात. सर्दी व्हावी तसा तो होतो आणि जातो. अंकिता तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजातून सुट्टीवर आलेली. भांडणात ती नव्हती. नावे लिहिताना घरात होती, एवढेच. तिने सही केली आणि परीक्षेला निघून गेली.

पुढे वकील झाल्यावर असे शेकडो लोक तिच्याकडे घाबरून आले. त्या प्रत्येकाला तिने एकच वाक्य सांगितले होते: "घाबरू नका, चॅप्टर म्हणजे खटला नव्हे." अकरा वर्षे इतरांना दिलेला तो धीर शेवटी तिच्याच हाताने न्यायाधीशपदाच्या अर्जावर, पोलीस-प्रकरणांच्या प्रश्नापुढे, "नाही" असे लिहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसील कचेरीत जाऊन तिने जुन्या दप्तराची चौकशी केली. कारकुनाने नोंदवही चाळली आणि समाधानाने मिटली.

"त्या सालचं सगळं रद्दीत गेलं मॅडम. एक कागद न्हाई. निवांत ऱ्हावा."

तिला निवांतपणा लाभला नाही. कागद असता, तर कधी ना कधी तो बाहेर येईल या भीतीने तरी माणूस बोलला असता. आता पुरावा एकच उरला होता, आणि तो ती स्वतः होती. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण "जजसाहेब" म्हणून हसे, आणि ती भराभर पुढे निघून जाई.

शनिवारी ती सांगलीला गेली. तिथे गोपाळकृष्ण नावाचे निवृत्त जिल्हा न्यायाधीश राहत असत. परीक्षेची तयारी तिने त्यांच्यापाशी केली होती. तिचे सर्व बोलणे त्यांनी डोळे मिटून ऐकले.

"अर्जाची प्रत आणली आहेस? वाच."

तिने वाचले, "'आपणांवर कधी खटला भरण्यात आला आहे काय, आपणांस अटक करण्यात आली आहे काय, अथवा शांतता राखण्यासाठी आपणांकडून बंधपत्र घेण्यात आले आहे काय?'"

"शेवटचे पुन्हा वाच."

या वेळी तिने ते सावकाश वाचले.

"यात चॅप्टर हा शब्द कुठे आहे?"

"नाही, सर."

"मग तू कोणत्या प्रश्नाला उत्तर दिलेस?"

"अशिलांना जो प्रश्न पडतो, त्याला."

गोपाळकृष्ण मंद हसले. "माझी पडताळणी करायला आलेला शिपाई माझ्या वडिलांचा अशील होता. चहा थंड होण्याआधी माझे चारित्र्य उत्तम ठरले. वडील वकील, आजोबा वकील; आम्हांला कोणी काही विचारतच नसे. तुझे घर त्या दारात प्रथमच उभे आहे. त्याला विचारतात."

"मी कळवलं, तर माहिती दडवली म्हणून नाव काढतील."

"काढू शकतील. खोटा धीर मी देणार नाही."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर बहुधा काहीच होणार नाही. तू उत्तम निकाल देशील. साक्षीदाराला शपथ देताना तेवढी तुझी नजर खाली जाईल. दर वेळी."

परतीच्या वाटेवर तिने मनात पत्राचा मसुदा केला. पण एक गाठ सुटेना. ती खरे बोलली की दादासो खोटे ठरणार होते. आणि ते खोटे बोलले होते ते केवळ तिच्या कल्याणासाठी. त्यांना न सांगता पत्र धाडणे तिला अधर्माचे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासो उसाला पाणी देत होते. अठरा वर्षांत प्रथमच ती त्यांच्या बांधावर उभी राहिली.

"आप्पा, हवालदाराला तुमी सांगितलं, ते खरं न्हाई."

"मग खरं सांगाय पायजे हुतं व्हय? आगं, भांडान तुज्या बापाशी हाय. तुज्याशी न्हाई."

"ते कळलं मला. पण मी वर लिहून कळवणार हाय."

दादासोंनी खोरे थांबवले. "म्हंजे मी खोटा पडणार."

"व्हय, आप्पा. म्हणून आधी तुमाला सांगाय आले."

"लय अवघड पोरगी हाईस गं! वैर केलं तवा बोलनं तोडलंसा. आता चांगलं कराय गेलो, तर त्येबी चालंना." त्यांनी पुन्हा पाण्याकडे तोंड वळवले. "जा. लिव तुज्या मनासारखं. म्हाताऱ्याला आत घालत्याल, दुसरं काय?"

सोमवारी तिने उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. चॅप्टरचे वर्ष, तहसीलदारांपुढे केलेली सही, दप्तर नष्ट झाल्याची माहिती आणि आपली चूक, असे सारे एका पानात मांडले. कोणाचाही दोष त्यात लिहिला नाही. काकुळतीचे एकही वाक्य घातले नाही. रजिस्टर पोस्टाची पावती घेताना तिला वाटले, अकरा वर्षांचे आयुष्य आपण त्या खिडकीतून आत सरकवले आहे.

गुरुवारी दुपारी, ती गावीच असताना, हवालदाराचा फोन आला. अंकिताने दचकून तो उचलला.

"मॅडम, तुमचे चुलते ठाण्यात आल्यात. म्हणत्यात, माझा जबाब बदला."

"त्यांना त्रास देऊ नका हो. माझ्यासाठी बोलले ते."

"त्रास आमालाच देत्यात ते! म्हणत्यात, 'चॅप्टर झाला हुता, असं लिवा. आन बांध मीच कोरला हुता, हेबी लिवा.' आता बांधाचा हितं काय संबंध? पण लिवल्याबिगार उठंनात."

अंकिताने फोन आकारामांच्या हाती दिला. सुभेदारांनी सारे पुन्हा ऐकले, "बरं" एवढेच म्हणाले, टोपी घातली आणि भावाला आणायला ठाण्याकडे निघाले.

उच्च न्यायालयाचे उत्तर अद्याप आलेले नाही. तिच्याबरोबर निवडलेल्यांची नियुक्ती झाली. तिचे नाव विचाराधीन ठेवले आहे. ती रोज कऱ्हाडच्या न्यायालयात जाते, टपालाची वाट पाहते, आणि रोज थोडी भिते. भिणे हे पाप नव्हे.

जे तिचा निर्णय करतील, त्यांना स्थिर बुद्धी लाभो. दादासोंच्या वार्धक्याला आणि आकारामांच्या घराला शांती लाभो. आणि उत्तर काहीही येवो, ते वाचताना त्या मुलीची नजर वर असो.