सोमाआबांच्या पिकअपवरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना एलईडी बार आहे. जुना म्हणजे फार नाही, पण आमच्यात तीन पावसाळे काढले की आजोबाच म्हणतात. हाताभर लांबीची पत्र्याची पेटी, आत ओळीनं बसवलेले बारके दिवे आणि पुढे काच, एवढंच माझं शरीर. गाडीचे स्वतःचे दिवे पुरत नाहीत असं ज्यांना वाटतं, ते मला वरून बसवून घेतात. माझा जन्म कुठे झाला हे मला माहीत नाही. खोक्यावर लिहिलेलं होतं, पण ती लिपी कुणालाच वाचता येईना. 'नाजूक आहे, आपटू नये' असंच काहीतरी असावं, कारण मला सगळ्यांनी आपटलं.

नाशिकजवळच्या अंबडमधल्या एका वायरिंगवाल्याच्या दुकानात मी बरेच दिवस खिळ्याला टांगलेला होतो. एक दिवस घोटीकडचे सोमाआबा आपली पांढरी पिकअप घेऊन आले. आजूबाजूच्या गावांतला भात नि भाजीपाला ते घोटीच्या बाजारात पोचवत. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, की हल्ली संध्याकाळ लवकर होते, कंपन्या हेडलाइट कमजोर बनवतात आणि रस्त्याचं डांबरही पूर्वीपेक्षा काळं येतं. वायरिंगवाला ज्ञानेश यानं मान डोलावली. गिऱ्हाइकाशी डांबरावरून वाद घालायचा नाही, असं त्याचं तत्त्व होतं.

त्यानं बॅटरीपासून जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, स्टिअरिंगजवळ लाल बटण दिलं. मला तो खाली बंपरवर, जरा झुकवून बसवणार होता. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. आबांना ते पटलं नाही.

"झुकवतो कशाला? नवी सून हाय का ती, मान खाली घालायला?"

म्हणून मी टपावर बसलो, ताठ मानेनं. ज्ञानेशनं बटण दाबलं आणि स्वतःच डोळ्यांवर हात धरला. शेजारचा चहावाला पाठ फिरवून उभा राहिला. समोरच्या भिंतीवरची पाल गाव सोडून गेली. आबा मात्र माझ्याकडे टक लावून बघत होते.

"लाव की मग," ते म्हणाले.

मित्रांनो, मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी नवा होतो. मला वाटलं, माणूस धाडसी आहे.

खरं काय ते पहिल्याच आठवड्यात कळलं. अंगणात कुणी नव्हतं. आबा फडक्यानं माझी काच पुसत होते. पुसता पुसता हळूच म्हणाले, "तू उजेड दे बाबा. घरी कळलं तं चावी जाईल माझी."

ती चावी ते झोपतानाही करगोट्याला बांधून ठेवत. मुलगा सुनील कंपनीत जाई, सून संध्या घोटीला मेडिकल दुकानात. घरची शेती दुसऱ्याला कसायला दिलेली. रोज सकाळी उठून कुठेतरी जायचं आणि तिथे कुणीतरी आपली वाट बघत असणार, एवढं आबांच्या आयुष्यात त्या चावीमुळेच शिल्लक होतं.

मग मी जिवापाड राबलो. माझं कौतुकही झालं. मी आलो की पोरं म्हणत, दिवस उगवला, उठा. कोंबड्यांचा तर माझ्यामुळे वेळेवरचा विश्वासच उडाला. पण आबांना काही मी पुरेना. एकदा रस्त्याकडेच्या गवताच्या गंजीला बैलगाडी समजून ते तिच्यामागे हॉर्न वाजवत थांबले. बराच वेळ. शेवटी "काय माणसं असतात" म्हणत बाजूनं गाडी काढली.

त्यानंतर मंगलाबाई, म्हणजे आबांची बायको, रोज गाडीत बसू लागल्या. गुडघ्यांना हवा लागते, असं कारण सांगत. सहज बोलल्यासारखं बोलत, "अहो, डावीकडची म्हैस काय गुबगुबीत हाय." की आबा गाडी उजवीकडून काढत. "ह्या वळणावरची चिंच लय जुनी, नाय का?" की आबा वळत. त्यांना कळलंय हे आबांना माहीत होतं, आणि आबांना माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. बोललं मात्र कुणीच नाही. तिघं मिळून एक गाडी हाकत होतो आणि तिघंही दमलो होतो.

श्रावणातली एक संध्याकाळ. भाजी भरून आम्ही घोटीकडे निघालो होतो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्यानं भरलेली. त्या दिवशी मंगलाबाईंचा जरा डोळा लागला. त्यामुळे समोरून स्कूटी येतेय, हे कुणी सुचवलं नाही. मी माझं काम केलं. सगळा उजेड सरळ तिच्या डोळ्यांत घातला. स्कूटी डगमगली आणि आवाज न करता खाचरात उतरली.

आबांनी ब्रेक दाबला. घाईघाईनं उतरले. चिखलातून एक बाई उठत होती. ती पायांवरच पडली होती, चिखल कमरेपर्यंतच होता. चेहरा स्वच्छ होता. मी असा काही उजेड पाडला होता की तिच्या कानातली कुडीसुद्धा चमकत होती.

"लागलं का गं पोरी? कुणाच्या घरची तू?"

तिनं कमरेवरचा चिखल दोन्ही हातांनी निपटला.

"तुमच्याच घरची, आबा. संध्या हाय मी."

सकाळी तिच्याच हातचा चहा पिऊन ते निघाले होते.

"त्यो लाइट बंद करा आधी," ती म्हणाली. "मला काय दिसत नाय."

आबा बंपरवर टेकले. जिथं मी असायला हवा होतो, बरोबर तिथं.

"मला तरी कुठं दिसतंय," ते म्हणाले.

मंगलाबाई जाग्या झाल्या होत्या. त्यांनी गाडीतल्या एकाही बटणाला आजवर हात लावला नव्हता. आधी वायपर सुरू झाले, मग हॉर्न वाजला, मग मी विझलो. अंधारात आबांनी करगोट्याची गाठ सोडली आणि चावी संध्याच्या चिखलानं भरलेल्या हातात ठेवली. तिनं सुनीलला फोन लावला आणि गाडी न्यायला बोलावलं.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. नाशिकला आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. औषधाचे थेंब संध्याच घालायची, दुकानातल्या शिस्तीत. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी तिनं चहाच्या कपाशेजारी चावी ठेवली.

त्याच संध्याकाळी आबांनी गाडी सुरू केली आणि लाल बटण दाबलं. माझा उजेड गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर आदळून परत आला. आबांनी दोन्ही हात डोळ्यांवर धरले.

"आयला, ह्यो डोळेफोड्या बसवला कुणी?"

मंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी मला उतरवलं.

आता मी पडवीच्या वाशाला आहे. संध्या जिथं स्कूटी लावते, तिथं उजेड पडावा म्हणून मला जमिनीकडे झुकवून बसवलंय. मान खाली घातलेली. माझे अर्धे दिवे गेलेत आणि उरलेल्यांनाही फारशी हौस नाही. पण ती उतरते तेव्हा तिला आपले पाय दिसतात. तेवढं जमतं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस नवानवा दिवा मागू लागलं, तर लगेच दिवा आणू नका. आधी त्याच्या समोर बसा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. मला ते जमलं नाही. मी टपावर होतो, माझं तोंड रस्त्याकडे होतं. तुमचं तसं नाही.

आणि जमलं तर माझी काच पुसा. आबा रोज संध्याकाळी खाटेवर बसून सांगतात, "संध्या, त्या दिव्यावर केवढी धूळ हाय." रोज तिथूनच दिसते त्यांना. पुसायला अजून कुणी उठलेलं नाही.