दोऱ्याचं दुसरं टोक

लिओने चादर सोडली आणि फळी टेबलावर उभी केली. काळ्या फळीवर सोनेरी रंगात काढलेली घोड्याची नाल. तोंड वर, सात भोकं, दोन्ही पाय सारखे. हारुनच्या नव्या हॉटेलात जमलेले घरचे लोक "वा!" म्हणाले. हारुनची आई हव्वाबी मात्र पुढे आली आणि तिने नालेवरून नख फिरवलं.

"स्टिकर आहे," ती म्हणाली.

"अम्मी, हॅन्डपेंटेड आहे. लिओ अंकलनी गेल्या वर्षीच काढलीय. आपलं लायसन्स लटकलं म्हणून त्यांच्याकडेच पडून होती."

"हाताने काढलेलं कुठे तरी हलतं. हे कुठे हललंय, दाखव. तुझ्या बापाने हर्णैच्या घराला खरी नाल ठोकली होती. ही चिकटवलेली बरकत एक दिवस सोलून हातात येईल. मी नाही लावू देणार."

हारुन ओशाळला. आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतलं हे त्याचं पहिलंच हॉटेल. जुम्म्याची नमाज आटोपली होती आणि चार वाजता पाहुणे यायचे होते.

नाल आवडली नाही असं म्हातारी म्हणाली असती, तर लिओने फळी मुकाट्याने परत नेली असती. पण स्टिकर? त्याने आणि त्याच्या बायकोने, सुझीने, मिळून केलेलं ते शेवटचं काम होतं. फेब्रुवारीत सुझी गेली. त्यानंतर अकरा महिने लिओने ब्रश हातात धरला नव्हता. वसईत असताना होड्या, दुकानं, शाळांच्या भिंती रंगवणारा माणूस इथे मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये मशीनने कापलेली अक्षरं सोलत बसायचा. म्हणजे स्टिकरच.

"चाची, ती समोरची हिरवी भिंत मला द्या," तो म्हणाला. "चारच्या आत तुमच्या डोळ्यांदेखत काढतो. हलली तर पुसून टाकीन आणि फळी घेऊन जाईन."

"आणि नाही हलली तर?"

"स्टिकर म्हणालात ते मागे घ्यायचं."

"घेईन. आधी काढ तर!"

लिओने गाडीच्या डिकीतून पेटी आणली. ब्रश सुझीने धुऊन वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते, ते अजून तसेच होते. त्याने एकाचे केस तळहातावर दाबून पाहिले. मऊ होते.

मग त्याने दोरा काढला, खडूच्या पुडीतून ओढला आणि शिडी चढला. नालेला आधी मधली रेघ लागते. ती चुकली की एक पाय आखूड होतो. दोरा वरून खाली ताणायचा, मध्ये चिमटीत धरून सोडायचा, की भिंतीवर रेघ उमटते. खालचं टोक तीस वर्षं सुझीने धरलं होतं. दुसरे पेंटर ते खिळ्याला बांधतात. सुझी बांधू द्यायची नाही. "खिळा बोलतो काय तुझ्याशी, ताणलंय की सैल आहे ते?" म्हणायची.

वरचं टोक भिंतीला दाबून लिओने सवयीने खाली पाहिलं. खाली कुणी नव्हतं. दोरा नुसता लोंबत होता.

"अंकल, काय झालं? काही पाहिजे?" हारुनने विचारलं.

लिओ वरचं टोक दाबून तसाच उभा राहिला. त्याला शिडीवरून उतरता येईना.

हव्वाबीने लोंबणाऱ्या टोकाकडे पाहिलं. चपला काढल्या, भिंतीशी फतकल मारली आणि दोरा अंगठ्याला दोन वेळा गुंडाळला.

"उजवीकडे घे. थोडा आणखी. हां. आता ओढ. सैल सोडलास तर रेघ नाचेल."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"हारुनचा बाप गलबतं बांधायचा. त्याचा दोरा कोण धरत होतं, शेजारीण? मार लवकर, बोट कापतंय!"

लिओने दोरा सोडला. फट्! हिरव्या भिंतीवर पांढरी रेघ उमटली. सरळ.

त्याने ब्रश सोनेरी रंगात बुडवला आणि भिंतीला टेकवला. डावा पाय एका दमात आला. मग उजवा. मग भोकं, एकेक करून सात. हारुनच्या साडूने फोन पुढे केला तेव्हा हव्वाबीने त्याला झापलं, "उजेडातून हो बाजूला!" आता ती कुणाच्या बाजूने होती ते कळेनासं झालं होतं.

पावणेचारला लिओ उतरला. हव्वाबी शिडीवर चढली. हारुन "अम्मी, पडशील!" म्हणत शिडी धरून उभा राहिला. दोरा रंगाला लागू न देता तिने एक पाय मापला, मग दुसरा. पुन्हा पहिला.

"हलली नाही मेली," ती म्हणाली. "हात आहे की मशीन? घेतला बाबा, स्टिकर मागे घेतला!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. लिओ हसला. आपण मोठ्याने हसतोय हे त्याला जरा उशिराच कळलं.

खाली उतरून हव्वाबीने फळीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय? लि. सु."

"सही. सु म्हणजे सुझी, माझी बायको. दोरा धरणाऱ्याचंही अक्षर पाहिजे, हा तिचा नियम."

"मग आज कुठाय ती?"

"गेली. वर्ष होईल आता."

हव्वाबीने फळी स्वतः चादरीत गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. "ही तुझ्या दारावर लाव. आम्हाला भिंतीवरची पुरे."

लिओने बारीक ब्रश घेतला. नालेखाली लि. लिहिलं, सु. लिहिलं. क्षणभर थांबला आणि ह. लिहिलं.

चार वाजता दार उघडलं. पहिल्याच पाहुण्याचा हात नालेकडे गेला, तशी हव्वाबी आडवी आली.

"लांबून बघ! ओली आहे. स्टिकर नाही तो. आणि तो ह म्हणजे मी."