लाल नट सोडून

माझी मुलगी आणि जावई सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जात नाहीत, ट्रकखाली जातात. सैन्याने लिलावात काढलेला जुना ट्रक त्यांनी हौसेने घेतला, तेव्हा आत उंदरांचा संसार होता. आता तो चालतो. इंजिन मुलीकडे, रंग जावयाकडे, आणि मी जन्मभर शिंपीकाम केलेला, म्हणून मागचं ताडपत्रीचं छत माझ्याकडे. जावई म्हणजे एक नंबरचा टापटीप माणूस. रंगाचा एक ओघळ राहिला तर त्याला झोप येत नाही.

त्या दिवशी ब्रेकचं तेल गळत होतं, म्हणून पुढचं, गल्लीच्या बाजूचं चाक काढायचं होतं. जावई दुकानात गेला होता. मुलीने जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि "बाबा, थांबा, मी आलेच" म्हणत ती पलीकडच्या चाकांना दगड लावायला गेली.

थांबणं मला कधी जमलेलं नाही. आणि मागे एकदा मी तिच्या हाताखाली चाक काढलं होतं. "लाल नट सोडून बाकीचे खोला," एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. मी पाहिलं, चाकावर नटांच्या दोन फेऱ्या होत्या, दोन्ही हिरव्यागार. लाल औषधालाही नाही. म्हणजे सगळेच खोलायचे, असा मी सरळ हिशोब केला आणि बाहेरच्या फेरीपासून सुरुवात केली. नट घट्ट होते. पान्याला पाइप लावून लोंबकळलो. निम्मे निघाले, तेव्हा मी स्वतःवर खूश होतो.

मग चाक कुरकुरलं.

"बाबा." मुलगी ट्रकच्या टोकाशी उभी होती. इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलत नाही. "पाना तसाच सोडा. चाकासमोर उभे राहू नका. बाजूने, माझ्याकडे या."

"अगं, थोडेच राहिलेत..."

"बाबा, या!"

मी सरकत गेलो. तिने माझा दंड धरून मला ट्रकच्या मागे ओढलं आणि भराभर सांगितलं. त्या चाकाचं लोखंड दोन अर्ध्या ताटल्यांचं असतं. आतली फेरी चाक ट्रकला धरते, बाहेरची त्या दोन ताटल्यांना एकमेकींशी आवळून ठेवते. टायरमध्ये हवा असताना बाहेरची फेरी सुटली, की पुढची ताटली तोफेसारखी उडते. समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून ते नट लाल ठेवतात.

"इथे लाल कुठे होते?" मी विचारलं.

"ह्यांनी रंगवले," ती म्हणाली. "सगळं एकसारखं दिसावं म्हणून."

मी तिचाच हात ओढला. "चल, लांब जाऊ. असू दे तसंच."

"गल्ली आहे, बाबा. माणसं जातात समोरून. हवा काढायलाच हवी. तुम्ही कोपऱ्यावर जा, कोणाला येऊ देऊ नका."

"मी काढतो हवा."

"तुम्हाला येत नाही!" ती ओरडली, आणि ते खरंच होतं. ती ट्रकखाली पोटावर सरपटत शिरली. चाकाच्या मागून फक्त तिचा हात पुढे येणार होता. हवेचं तोंड पुढच्याच बाजूला होतं.

कोपऱ्यावर जावई समोरून येताना भेटला. हातात हिरव्या रंगाचा छोटा डबा, चेहऱ्यावर हसू. मी त्याची कॉलर धरली आणि सांगितलं. शिव्या द्यायच्या होत्या, त्या राहून गेल्या. तो धावायला निघाला, तसा मी त्याला भिंतीला दाबून धरला. "तू समोर गेलास तर तिचं लक्ष तुझ्याकडे जाईल."

मग आवाज सुरू झाला. फुस्स करून, लांबच लांब. तो हवेचाच आहे की आणखी कसला, ते आम्हा दोघांना कळत नव्हतं. कोपऱ्यामुळे दिसत काही नव्हतं. मला फार भीती वाटली. एवढी भीती मला तिच्या आईच्या आजारपणातही वाटली नव्हती. आवाज बारीक झाला. थांबला. तिची हाक येईना.

"या," शेवटी ती म्हणाली.

ती जमिनीवर बसली होती, कोपरं सोललेली. टायर लोळागोळा होऊन पडला होता. उरलेल्या नटांपैकी एकाला तिने नुसतं बोट लावलं, तर तो गरगर फिरला. सगळा ताण उरलेल्यांवर येऊन त्याचे आटे केव्हाच गेले होते. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिचा तेलकट हात धरून ठेवला. तिने काढून घेतला नाही.

जावई आत जाऊन लाल रंग आणि ब्रश घेऊन आला.

"उद्या करा," ती म्हणाली.

"नाही. आत्ताच."

त्याने घाईने ब्रश इतका भरून लावला, की पहिल्याच नटावरून रंग ओघळला आणि त्या हिरव्या चाकावरून थेट खाली आला. मी सवयीने खिशातली चिंधी पुढे केली. त्याने ती घेतली नाही.